लेकी बोले, सुने लागे : रिॲलिटी शो आणि घरातला निवाडा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावर 'बिग बॉस' कशाला, असा सूर होता. त्यांना आम्ही म्हटलं, सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात उभा राहून बोलत असे. आजचा बाजार घराघरांतल्या दिवाणखान्यात आला आहे, तर तिथे जायला आपण लाजायचं कशाला?

एक गोष्ट आधीच बाजूला ठेवू. हे कार्यक्रम खरे असतात की कुणी लिहून दिलेले, हा प्रश्न लोक फार चवीनं चघळतात. त्यावर आज वेळ घालवायचा नाही. चोवीस तासांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग काढायचा म्हटला की निवड आली, आणि निवड आली की रचना आलीच. एवढं पुरे. आपला प्रश्न दुसरा आहे. आजी, मुलगा, सून, नातवंडं असं सगळं घर एकत्र बसून हे बघतं तेव्हा त्या घरात काय घडतं? पडद्यावर काय चाललंय ते टीव्हीचे समीक्षक सांगतात. आपण पडद्याकडे पाठ करून जरा सोफ्याकडे बघू.

सुरुवात २००० सालापासून करू. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं. तेव्हा बहुतेक घरांत टीव्ही एकच, त्यामुळे एकत्र बघणं हा काही निवडीचा भाग नव्हता. अमिताभ बच्चन चार पर्याय वाचायचे आणि उत्तर आधी आपल्या घरातून यायचं. आजोबा 'ब' म्हणायचे, सातवीतला नातू 'ड' म्हणायचा आणि नातू बरोबर निघायचा. घरातली उतरंड मिनिटभर उलटी व्हायची. आजोबांना त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर ते स्वतःच सांगायचे. हे शक्य होतं, कारण निवाडा आपल्या हातात नव्हता. खुर्चीवरचा माणूस आपल्याला आवडो न आवडो, एखाद्या नदीचं उगमस्थान त्यामुळे बदलत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले आणि पुढचे कित्येक महिने मराठी घरांतल्या मुलांना 'बघ, वाचन असलं की काय होतं' हे ऐकावं लागलं. तेवढा त्रास सोडला तर तो एक निष्पाप खेळ होता.

पुढे २००४ मध्ये सोनीवर 'इंडियन आयडॉल' आलं. अनु मलिक, सोनू निगम, फराह खान परीक्षक होते, पण अंतिम शब्द त्यांचा नव्हता. तो आपल्या हातातल्या मोबाइलचा होता. २००५ च्या मार्चमध्ये आपला अभिजीत सावंत जिंकला. इथे निवाड्याचा विषय बदलला. उत्तर बरोबर की चूक हे संपलं, आता गाणं चांगलं की वाईट. कांटनं १७९० च्या ग्रंथात याच प्रकारच्या निवाड्याचा विचार केला आहे. आपण 'मला हे गाणं आवडलं' म्हणतो तेव्हा विषय आपल्यापुरता असतो. 'हे सुंदर आहे' म्हणतो तेव्हा मात्र समोरच्यानंही ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते, आणि सिद्ध करायला हातात पुरावा काहीच नसतो. म्हणून गाण्यावरून घरात भांडणं होतात. आमच्या मते ही भांडणं चांगली. वडिलांनी कान कशानं तयार केला आणि मुलीचा कशानं झाला हे अशा भांडणांतूनच कळतं.

२००८-०९ मधलं झी मराठीवरचं 'सा रे ग म प लिटल चॅम्प्स' आठवा. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत. आळंदी, पुणे, रत्नागिरी, अलिबाग, लातूर. एकेका मुलामागे एकेक गाव उभं राहिलं आणि एकेका घरात पाच पक्ष झाले. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली तेव्हा निकालावरून घराघरांत जे वाद झाले ते सभागृहातल्या अनेकांना अजून आठवत असतील. ती मुलं आपली वाटायची. इतकी, की २०२३ च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धाचं लग्न झालं तेव्हा आपल्याच घरातलं कार्य असल्यासारखी माणसं हरखली होती. पण 'आपली' वाटण्यातच एक मेख होती. पडद्यावरचं नऊ-दहा वर्षांचं मूल गात असताना सोफ्यावर त्याच वयाचं एक मूल बसलेलं होतं. कुणीतरी सहज म्हणायचं, 'एवढ्याशा वयात काय तयारी आहे!' वाक्य कौतुकाचं. पण सोफ्यावरचं मूल हळूच उठून आत जायचं. पडद्यावरच्या मुलांसाठी २०१७ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सोफ्यावरच्या मुलासाठी नियम कोण करणार?

आता तिसरा टप्पा. मूळ 'बिग ब्रदर' १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालं. नाव ऑर्वेलच्या कादंबरीतलं. आपल्याकडे हिंदीत ते २००६ मध्ये आलं आणि ब्रदरचा बॉस झाला. आमचा आपला एक तर्क असा, की आपल्याकडे थोरल्या भावाला दादा म्हणतात, आणि दादा या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक असल्यानं निर्माते बिचकले असावेत. असो. मराठीत ते २०१८ मध्ये कलर्स मराठीवर आलं, महेश मांजरेकर सूत्रधार. पुढे आठवड्याच्या शेवटच्या भागाला 'चावडी' असं नाव मिळालं. ज्यानं कुणी ते सुचवलं असेल त्याला मराठी माणूस कळला होता. चावडी म्हणजे गावाचा न्यायनिवाडा, आणि तोही सगळ्या गावादेखत. २०२४ मध्ये रितेश देशमुख आले आणि चावडीचा 'भाऊचा धक्का' झाला. म्हणजे अठरा वर्षांनी का होईना, भाऊ परत आलाच.

या घरात निवाडा कशाचा होतो? ज्ञानाचा नाही, गाण्याचाही नाही. स्वभावाचा. कोण कसं बोललं, भांडी कुणी घासली, कोण कुणाच्या मागे काय म्हणालं. आणि इथे एक योगायोग असा आहे, की तो कुणी रचून सांगितला असता तर आपण विश्वास ठेवला नसता. २०२४ च्या त्या पर्वात उपविजेता होता अभिजीत सावंत. २००५ मध्ये ज्या माणसाचा गळा आपण तोलला, त्याच माणसाचं वागणं एकोणीस वर्षांनी तोलायला बसलो. 'तो सुरात आहे का' याच्या जागी 'तो भूमिका घेतो का, की गुळमुळीत राहतो' हा प्रश्न आला. माणूस तोच, तराजू बदलला. तराजू बदलल्याचं सोफ्यावर कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण प्रत्येकाच्या हातात फोन तोच होता आणि मत देणंही तसंच.

स्वभावाचा निवाडा घरात सुरू झाला की मराठीतली एक जुनी म्हण जागी होते: लेकी बोले, सुने लागे. सासूला सुनेला काही सुनवायचं असतं, पण ती बोलते लेकीला. म्हणीतली गंमत नीट बघा. सुनेला बोललेलंच नाही, त्यामुळे तिला उत्तर देण्याचा अधिकार नाही. 'तुम्ही मला बोललात' म्हणावं तर 'मी कुठे तुला बोलले?' हे तयारच. लेकीलाही ते लागत नाही, कारण ते आपल्यासाठी नाही हे तिला ठाऊक असतं. पण या रचनेत एक अडचण होती. दर वेळी लेक घरात असायला हवी. रिॲलिटी शोनं ती अडचण कायमची सोडवली. आता रोज रात्री जेवणाच्या वेळी पंधरा-सोळा लेकी पडद्यावर हजर.

त्याच पर्वातलं निक्की तांबोळी आणि वर्षा उसगावकर यांचं वाजणं सर्वांना आठवत असेल. एक तरुण, एक ज्येष्ठ. कोण बरोबर हे आपल्याला इथे ठरवायचं नाही. आपण सोफ्याकडे बघतो आहोत. आजी म्हणते, 'मोठ्या माणसांशी असं बोलतात का?' हे वाक्य निक्कीला उद्देशून आहे, आणि निक्कीला ते कधीच ऐकू जाणार नाही. ज्यांना ऐकू जातं त्या दोघी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या आहेत. सून टीव्हीवरून नजर काढून ताटाकडे वळवते. नात कॉलेजात जाणारी, ती म्हणते, 'मोठं असलं म्हणून काहीही चालवून घ्यायचं का?' हेही निक्कीच्या बाजूनं आहे, वर्षाताईंच्या विरुद्ध आहे, असं वरवर दिसतं. दोन वाक्यांत या घराचा तीन वर्षांचा तंटा बोलून झाला, आणि कुणीही कुणाचं नाव घेतलेलं नाही.

हे नात्यांपुरतंच थांबत नाही. ते पर्व सूरज चव्हाणनं जिंकलं. बारामती तालुक्यातल्या एका खेड्यातला, हलाखीत वाढलेला, रीलमधून माहीत झालेला मुलगा. कितीतरी घरांत दोन तट पडले: एक म्हणे मन स्वच्छ, दुसरा म्हणे 'गरीब आहे म्हणून मतं मिळाली, खेळला कुठे?' दुसऱ्या मतात विचार करण्यासारखं काहीतरी असेलही. पण हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, तिथे स्वयंपाकघराच्या दारात ओले हात पदराला पुसत कामाच्या मावशी उभ्या असतात. त्याही तोच भाग बघत असतात. त्यांना बसायला कुणी सांगितलेलं नसतं. त्या घरात गरिबीकडे कसं बघतात याचं व्याख्यान त्यांना त्या एका वाक्यात फुकट मिळतं.

आता कुणी म्हणेल, नाटक-सिनेमा बघतानाही आपण पात्रांविषयी बोलतो. 'एकच प्याला'मधल्या सुधाकराला नावं ठेवणारी घरं नव्हती का? होती. पण तिथे एक गोष्ट घडते, आणि ती आपल्या परंपरेत फार बारकाईनं मांडली गेली आहे. भट्टनायकाचा मूळ ग्रंथ हरवला, पण त्याचं म्हणणं अभिनवगुप्तामुळे आपल्यापर्यंत पोचलं. त्याचा शब्द 'साधारणीकरण'. रंगमंचावरचा शोक हा माझा नाही, माझ्या शत्रूचा नाही, कुणा त्रयस्थाचाही नाही. 'कुणाचा' ही मर्यादाच गळून पडते, आणि म्हणून तो शोक न राहता रस होतो, त्याचा आस्वाद घेता येतो. सुधाकराचं दारूत बुडणं बघताना प्रेक्षागृहातला दारुडाही रडू शकतो, कारण त्या घटकेला त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नसतं.

रिॲलिटी शो ही मर्यादा गळू देत नाही. गळू दिली तर धंदा बुडेल. हा अमुक नावाचा, अमुक गावचा, याला मत द्या, हा आज बाहेर गेला. 'कुणाचा' हे दर दहा मिनिटांनी ठसवलं जातं. त्यामुळे रस निर्माण होत नाही, निवाडा निर्माण होतो. इथवर कुणी म्हणेल ठीक आहे, वेगळा प्रकार, वेगळं सुख. पण गंमत पुढेच आहे. पुढच्या दारानं घालवलेलं सामान्यीकरण मागच्या दारानं आत येतं, आणि येताना वेष बदलून येतं. पडद्यावरची ती एक मुलगी पाचव्या मिनिटाला 'आजकालच्या मुली' होते. तो एक रडणारा मुलगा 'हल्लीची पोरं' होतो. एक गावाकडचा म्हणजे सगळे 'हे लोक'. याला साधारणीकरण म्हणता येणार नाही. याला मराठीत चांगला शब्द आहे, सरसकटीकरण. साधारणीकरणात प्रेक्षक स्वतः त्या भावात सामील होतो. सरसकटीकरणात तो स्वतःला वगळतो आणि शेजारी बसलेल्याला आत ढकलतो. दोन्हींमध्ये व्यक्ती पुसली जाते, म्हणून ती सारखी वाटतात. फरक काय तो एवढाच, की पहिल्यात मन मोकळं होतं आणि दुसऱ्यात घरात एक आरोपी तयार होतो.

शिवाय पुरावा कसला? भांडणातलं उत्तर आपल्याला दाखवतात, त्याआधीचा तासभराचा टोमणा कात्रीत गेलेला असतो. कुठल्याही कोर्टात असा पुरावा टिकणार नाही. आपण मात्र त्यावर शिक्षा सुनावतो, आणि ती भोगतो भलताच.

मग टीव्ही बंद करावा का? आमचे काही मित्र हेच सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते आम्हाला फारसं रुचत नाही. बंद केलेल्या टीव्हीसमोर घर बोलतं, असं त्यांना वाटतं. आमचं निरीक्षण उलटं आहे. मराठी मध्यमवर्गीय घर सरळ फार कमी बोलतं. लग्न, पैसा, आजारपण, एकटेपण, हे विषय आपण 'बघू' या एका शब्दात मिटवतो. अशा घरांत हे आडून बोलणं हाच पुष्कळदा एकमेव रस्ता असतो, आणि त्या रस्त्यानं नेहमी टोमणेच जातात असं नाही.

आमच्या ओळखीचं एक घर आहे. वडील निवृत्त, मितभाषी. एका पर्वात एक स्पर्धक स्वतःच्या घटस्फोटाविषयी बोलत होती. आई पुटपुटली, 'हे काय टीव्हीवर सांगायचं असतं?' वडील म्हणाले, 'सांगू दे की. आधी कुणी विचारलंच नसेल तिला.' माहेरी चार दिवस राहायला आलेली मुलगी तिथेच खाली बसून मेथी निवडत होती. काही बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिनं वडिलांना एकटं गाठून तिच्या घरात दोन वर्षं काय चाललं होतं ते सांगितलं. वडील पुढे आम्हाला म्हणाले, 'मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ते वाक्य माझ्या तोंडून आलंच नसतं. मी म्हटलं असतं, जरा सांभाळून घे.'

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार करत होतो. परक्या माणसाविषयी आपण जे बोलतो त्यात मन राखण्याचं काही कारण नसतं. म्हणून ऐकणारा त्यावर विश्वास ठेवतो. मुलीला समोर बसवून वडिलांनी शंभर वेळा 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' म्हटलं असतं, तरी तिनं ते जोखून पाहिलं असतं. परकीविषयी निघालेलं ते वाक्य तिला जोखावं लागलं नाही. लागणारं वाक्य इतकं खोल का लागतं, त्याचं कारणही हेच. सुनेला कळतं की हे ठरवून बोललेलं नाही, हे या घराचं खरं मत आहे.

म्हणून आमची चिंता वेगळीच आहे. आता हे कार्यक्रम ॲपवर आहेत. नातू त्याच्या खोलीत, कानात इअरफोन. सून लोकलमध्ये, परतीच्या वाटेवर. आजी हॉलमध्ये एकटी, आवाज मोठा करून. मतं तिघांचीही आहेत, किंबहुना पूर्वीपेक्षा जहाल आहेत. पण ती अनोळखी माणसांसमोर मांडली जातात आणि तिथे ती कुणा आपल्या माणसाला लागत नाहीत. आजीचं 'असं बोलतात का' आता भिंतीला ऐकू जातं, आणि नातीचं 'काहीही चालवून घ्यायचं का' हजारभर अपरिचितांना. म्हण मोडली, यात सुनेची सुटका झाली हे खरं. पण त्या सोफ्यावर नात निदान उलट बोलली होती. आजीनं ते ऐकलं होतं. सकाळी चहा करताना आजी म्हणाली होती, 'ती वर्षासुद्धा काही कमी नाही हं.' घरातल्या राजकारणाची ज्यांना जाण आहे त्यांना या वाक्याची किंमत सांगायला नको. आजीनं तीन वर्षांत दुसऱ्या कुठल्याही भाषेत एवढी माघार घेतली नव्हती.

वेळ होत आली आहे, संयोजक घड्याळाकडे बघू लागले आहेत. सरसकटीकरणाविषयी अजून थोडं बोलायचं होतं, विशेषतः आपल्याकडचे निवेदक 'महाराष्ट्र बघतोय' हे जे वाक्य टाकतात त्याविषयी. महाराष्ट्र बघत नसतो, घरं बघत असतात. ते पुन्हा कधीतरी. शेवटच्या रांगेतल्या बाईंचा हात केव्हाचा वर आहे. माइक आधी त्यांच्याकडे द्या.